प्रयोगशाळा आणि चाकांची फळी

स्केटबोर्ड म्हणजे रस्त्यावरच्या उनाड पोरांचा उद्योग, हा समज अमेरिकेत फार काळ टिकून राहिला. या खेळाचे आजचे रूप मात्र रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी यांनीच घडवलेले आहे. साच्यात ओतून हवे तेवढे कडक किंवा लवचीक करता येणारे पॉलियुरेथेन हे कृत्रिम द्रव्य १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी सिद्ध केले, आणि १९७०च्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी मूळची रोलर स्केटसाठी असलेली त्याची चाके फळीला बसवली, तेव्हा खड्याला अडून स्वाराला तोंडघशी पाडणारी मातीच्या मिश्रणाची चाके मागे पडली. ज्यांच्या ‘पॉवेल पेराल्टा’ कंपनीने पुढे नामांकित खेळाडूंचा संघ उभा केला, ते जॉर्ज पॉवेलही अभियंतेच होते.

विद्या आणि स्पर्धा यांचा संगम एकाच माणसात पाहायचा, तर फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे १९६६ मध्ये जन्मलेल्या रॉडनी मलन यांच्याकडे वळावे लागते. सपाट जमिनीवर, बहुधा संगीताच्या साथीने, कसरतींची सलग मांडणी करण्याच्या ‘फ्रीस्टाइल’ प्रकारात १९८०च्या दशकात त्यांनी जवळजवळ प्रत्येक स्पर्धा जिंकली आणि त्याच दशकात फ्लोरिडा विद्यापीठात जैववैद्यकीय अभियांत्रिकीचाही अभ्यास केला. ॲलन गेल्फंड यांनी उतरत्या भिंतीच्या आधाराने हात न लावता फळी उचलण्याची जी युक्ती शोधली होती, तिला त्यांच्या टोपणनावावरून ‘ऑली’ म्हणत. मलन यांनी ती सपाट जमिनीवर आणली. फळीचे मागचे टोक जमिनीवर आपटले की पुढचे टोक वर येते आणि त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून पुढे सरकवला की ती हवेतच आडवी होते, हे तंत्र म्हणजे वस्तुतः परिबलाचा, अर्थात वस्तू फिरवणाऱ्या बलाच्या परिणामाचा, पायांनी केलेला प्रयोग होय. एकच चल किंचित बदलून तीच कृती शेकडो वेळा करणे ही प्रयोगशाळेतली शिस्त. एकट्याने तासन्‌तास सराव करता येणाऱ्या फ्रीस्टाइललाच ती मानवली, यात नवल नाही.

मलन यांना मात्र संशोधक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण त्यांची कारकीर्द अखेर फळीवरच झाली. ज्या फ्रीस्टाइलने त्यांना नाव दिले, तिच्या व्यावसायिक स्पर्धा मात्र १९९०च्या दशकाच्या आरंभी ओसरल्या. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डचे, रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवरचा ‘स्ट्रीट’ आणि वक्र भिंतींच्या खोलगट मैदानातला ‘पार्क’, हे दोनच प्रकार होते. स्ट्रीटमधील बहुतेक उड्यांचा पाया मलन यांची ऑली असली, तरी ती ज्या प्रकारात जन्मली त्याला तेथे स्थान नव्हते.