वाळवंटातील बुद्धमूर्ती आणि आपले घाटमार्ग

इजिप्त देशात तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे एक ओसाड नगर आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमी राजाने ते वसविले व त्यास आपल्या मातेचे नाव दिले. पुढे समुद्र, पाठीशी वाळवंट. नाईल नदीवरील कोप्टॉसपासून येथवर यावयास उंटांच्या तांड्यांना बारा दिवस लागत, आणि उन्हामुळे बहुतेक वाट रात्रीच चालावी लागे, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. इ. स. सहाव्या शतकात हे नगर उजाड झाले. आज तेथे प्रवाळाच्या दगडांनी रचलेल्या भिंती व देवालयांचे अवशेष दिसतात.

या नगराशी आपला संबंध काय? उत्खननात तेथे भारतीय रांजणात साठविलेली सुमारे साडेसात किलो काळी मिरी, सागाचे लाकूड आणि सातवाहनांची दोन नाणी सापडली. जानेवारी २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात भगवान बुद्धांची ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती मिळाली. मस्तकामागे प्रभावलय असून बाजूस कमळ आहे. याच मंदिरात रोमन सम्राट फिलिप (इ. स. २४४ ते २४९) याच्या काळातील संस्कृत लेखही आढळला.

मूर्तीचा संगमरवर आजच्या तुर्कस्तानातील आहे. ती बहुधा इजिप्तमध्येच घडविली गेली, असे संशोधकांचे मत आहे. येथेच तिचे खरे महत्त्व आहे. व्यापाऱ्याने गाठोड्यात बांधून नेलेली ती वस्तू नव्हे. परक्या भूमीत, परक्याच दगडातून तथागतांची प्रतिमा करवून घेणारे उपासक त्या वाळवंटी बंदरात होते.

अशा बंदरांशी जोडलेल्या वाटा आपल्या परिसरातून जातात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण व सोपारा ही दोन्ही बंदरे नोंदली आहेत. कल्याणहून खर्डीवरून थळ घाट चढले की नाशिकची त्रिरश्मी लेणी येतात. मुरबाडहून नाणेघाट चढले की जुन्नर. ज्या वाटेने मालाचे तांडे गेले, तिच्याच कडेने भिक्खूसंघाचे वर्षावास झाले. जुन्नरच्या लेखांत यवन दात्यांची नावे आहेत, तसेच बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या उपासकांची दाने नोंदली आहेत.

धम्म केवळ राजाश्रयावर जगला, असे म्हणणाऱ्यांना हे शिलालेखच उत्तर देतात. तो श्रम करणाऱ्यांनी व प्रवास करणाऱ्यांनी वाढविला. यवनाला त्यात मज्जाव नव्हता, बांबू विणणाऱ्याला नव्हता, समुद्रपर्यटनाला प्रायश्चित्त नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला दिला, तो हाच सर्वांसाठी खुला असलेला धम्म होय.

खर्डी, शहापूर, मुरबाडच्या उपासकांनी नाणेघाट केवळ पावसाळी सहलीपुरता पाहू नये. तेथील ब्राह्मी अक्षरे आपल्या मुलांना वाचता यावीत, एवढा संकल्प प्रत्येक विहाराने करावा. ज्यांना आपल्या वाटेचा इतिहास वाचता येत नाही, त्यांचा इतिहास दुसरेच कोणी लिहितात.