चिन्ह, सोबती, ब्रेल : दिव्यांगांच्या मतदानाचा इतिहास

भारतातील गुप्त मतदानाची रचना पहिल्यापासून अक्षरओळख नसलेल्या मतदाराला समोर ठेवून झाली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादीत सुमारे १७ कोटी ३२ लाख नावे होती आणि त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत प्रत्येक उमेदवाराला वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी पद्धत ठरली. या पोलादी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. मतपत्रिकेवर काहीच लिहायचे नव्हते. आडोशाआड जायचे आणि ओळखीच्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची, एवढेच मतदाराचे काम. निरक्षराला अशा रीतीने कोणाच्या मदतीवाचून मत देता आले. दृष्टिहीनाला मात्र बैलजोडी काय आणि झोपडी काय, दोन्ही पेट्या सारख्याच होत्या.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून अनेक पेट्यांची जागा एका पेटीने घेतली. सगळ्या उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली आणि पसंतीच्या चिन्हापुढे बाणफुलीचा शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. आता डोळ्यांबरोबर हाताचीही गरज लागू लागली. शिक्का धरायचा, तो नेमक्या चौकोनात उमटवायचा, मग कागदाची घडी घालून पेटीच्या फटीत सरकवायची. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत सोबत्याची तरतूद होती. अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्ह ओळखता येत नाही किंवा खूण करता येत नाही, अशी केंद्राध्यक्षांची खात्री झाली की तो एका सज्ञान सोबत्याला मतदान कक्षात नेऊ शकतो. मत गुप्त ठेवीन आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती झालेलो नाही, असे सोबत्याला लिहून द्यावे लागते. अशा मतदारांची नोंद केंद्राध्यक्ष वेगळ्या नमुन्यात करतात. ‘एका सोबत्याला एकच मतदार’ या अटीचे कारण उघड आहे. एकच माणूस दहा जणांचा हात धरून आत जाऊ लागला, तर ती मते कोणाची, हा प्रश्न उरतो.

याच नियमांत शाईविषयीही बारकाईने लिहिलेले आहे. खूण डाव्या तर्जनीवर करायची. ती नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटावर, डाव्या हाताला एकही बोट नसेल तर उजव्या हाताच्या बोटावर, आणि दोन्ही हातांना बोटे नसतील तर हाताचा जो भाग शिल्लक असेल त्याच्या टोकावर. केंद्रावर येणाऱ्या मतदारांमध्ये असे मतदारही असणार, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. मात्र त्या मतदाराने केंद्राची पायरी कशी चढायची, याचा विचार पुढे अनेक दशके मागेच राहिला.

मतदानयंत्र प्रथम १९८२ मध्ये केरळमधील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर वापरले गेले. त्याला कायद्याचा आधार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवले. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रेच वापरली गेली. सोबत्याची तरतूद १९९२ मध्ये यंत्रांसाठीही नियमांत आली होती.

त्याच २००४ च्या निवडणुकीत पायऱ्यांचा प्रश्न न्यायालयात गेला. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी यांच्या पुढाकाराने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मतदानाचा पहिला टप्पा २० एप्रिलला होता. त्याच्या आदल्या दिवशी, १९ एप्रिलला, न्यायालयाने पुढील टप्प्यांत शहरी केंद्रांवर रॅम्पची सोय करण्याचा आदेश दिला. शाळेच्या दारात टाकलेला लाकडी उतार तेव्हापासून मतदान केंद्राच्या तयारीचा भाग झाला. केंद्र शक्यतो तळमजल्यावर असावे, यावरही भर दिला जाऊ लागला.

दृष्टिहीनांना एकट्याने मत देता यावे म्हणून यंत्रावर ब्रेल अंक बसवण्याचा प्रयोग २००४ मध्येच आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत झाला. पुढे काही राज्यांत निवडक मतदारसंघांत आणि २००८ मध्ये संपूर्ण दिल्लीत ही सोय झाली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर पोहोचली. पद्धत साधी आहे. केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधील नमुना मतपत्रिका असते. मतदार तिच्यावर बोटे फिरवून उमेदवारांची नावे व अनुक्रमांक वाचतो, हवा तो क्रमांक लक्षात ठेवतो आणि कक्षात जाऊन यंत्राच्या उजव्या कडेला, निळ्या बटणांलगतचे ब्रेल अंक चाचपतो. एका बॅलट युनिटवर अशी सोळा बटणे असतात. बटण दाबल्यावर लांब ‘बीप’ ऐकू येतो आणि मत नोंदले गेल्याचे कळते. ज्यांना ब्रेल येत नाही त्यांना सोबतीच घ्यावा लागतो, आणि कायद्याने तो मार्ग खुलाच ठेवला आहे. २०१३ पासून यंत्राला व्हीव्हीपॅट जोडले जाऊ लागले. त्याच्या काचेआड मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. दृष्टिहीन मतदाराला ही खातरजमा स्वतः करता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने केंद्र व राज्य निवडणूक आयोगांवर स्पष्ट जबाबदारी टाकली. सर्व मतदान केंद्रे पोहोचण्याजोगी हवीत आणि निवडणुकीचे सर्व साहित्य दिव्यांगांना समजण्याजोगे हवे. व्हीलचेअर, रांगेत प्राधान्य, मोबाइल ॲपवर नोंदणी या सोयी त्यानंतरच्या काळात वाढल्या.

तोवरच्या सगळ्या सोयी मतदाराला केंद्रापर्यंत आणण्यासाठी होत्या. ऑक्टोबर २०१९ च्या नियमदुरुस्तीने केंद्रच त्याच्या घरी नेले. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणि ८० वर्षांवरील मतदारांना टपाली मतपत्रिका मिळू लागली. सुरुवात झारखंडमधील काही मतदारसंघांत झाली. अधिसूचनेपासून पाच दिवसांत ‘१२ ड’ नमुना भरून द्यावा लागतो. मग ठरल्या दिवशी कर्मचारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा घरी येतात. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला जातो आणि चित्रीकरण मत दिसणार नाही अशा बेताने होते. हा पर्याय घेतल्यावर केंद्रावर मत देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ झाली आणि त्या वर्षी लोकसभेसाठी गृहमतदान प्रथमच देशभर झाले. तेव्हा मतदारयादीत सुमारे ८८ लाख दिव्यांगांची नोंद होती.

मनोविकलतेबाबतचा नियम मात्र १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलाच आहे. सक्षम न्यायालयाने मनोविकल घोषित केलेल्या व्यक्तीला मतदारयादीत नाव नोंदवता येत नाही. मात्र घरच्यांचे म्हणणे किंवा डॉक्टरांचा दाखला त्यासाठी पुरेसा नाही. न्यायालयाची घोषणा नसेल, तर त्या व्यक्तीचा मताधिकार कायम राहतो.