अमावास्या कुणाला वाईट?

कोकणातल्या कितीतरी बायका अमावास्येची वाट बघतात. अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण येतं. भरती मोठी, तशी ओहोटीही लांबवर. एरवी पाण्याखाली असणारा खडप उघडा पडतो आणि कालवं काढता येतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार मागे हटत नाही.

दर्यावर जाणाऱ्यांचा जुना तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पंचांगाचा हा उपयोग मला सगळ्यात आवडतो! चंद्र-सूर्याच्या ओढीनं भरती येते, हे न्यूटननं १६८७ साली गणितानं मांडलं.

शुभ-अशुभाचं तसं नाही. आपण अमावास्येला घाबरतो, तमिळनाडूत तोच दिवस चांगला मानतात. आणि आपलं लक्ष्मीपूजन? तेही आश्विन अमावास्येलाच.

पंचांगही माणसांनीच दुरुस्त केलंय. जुनं गणित आकाशाशी जुळेना, म्हणून केरूनाना छत्र्यांनी १८६५ पासून नव्या गणिताचं पंचांग काढलं. चंद्र एकच, पण दोन पंचांगांत तिथी लागायची वेळ वेगळी! त्यावरून वादही झाले.

आमच्या गटांत अजून अमावास्येला कर्ज उचलत नाहीत. कुणाचं बियाणं थांबतं, कुणाची शेळी हातची जाते. व्याज मात्र त्या दिवसाचंही लागतं. पुढची बैठक अमावास्येलाच ठेवलीय. अर्ज मी सोबत आणते.