निकाहसाठी सूट शिवताय? आधी हे बघा

टेलर निदान दीड-दोन महिने आधी गाठा. रमजानच्या शेवटी आणि लग्नसराईत त्याला ट्रायलला सवड नसते. ५८ इंच पन्ह्याचं कापड कोट-पँटला साधारण सव्वातीन मीटर लागतं. आपल्याकडच्या उकाड्यात टेरीवूल बरं, निव्वळ पॉलिएस्टरमध्ये नवरदेव घामाघूम होतो. शेरवानीच करायची तर पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे. औरंगाबादी हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतं, प्रमाण विचारूनच घ्या.

टेलरने शिवलेला कोट अंगावर घालून बघा. कंबर, बाही नंतर दुरुस्त होते, खांदा सहसा होत नाही. कच्च्या शिलाईवर ट्रायल मागाच. आत मार्जिन ठेवायला सांगा, म्हणजे हाच कोट पुढे धाकट्या भावाच्या वलीम्यालाही चालेल.