आवाजाचा सांगाडा : व्होकोडरचा इतिहास आणि सॉफ्टवेअर निवडीची कसोटी

१/ गाण्यात यंत्रमानवासारखा आवाज ऐकू आला की 'व्होकोडर' हे नाव आठवते. आज व्होकोडर बहुधा संगणकावरचे सॉफ्टवेअर असते, आणि घरच्या घरी संगीतनिर्मिती करणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : नैसर्गिक वाटेल असा व्होकोडर कोणता? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नाही, या यंत्राच्या जन्मकथेत आहे.

२/ वर्ष १९२८. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत होमर डडली नावाचा अभियंता एका अडचणीशी झुंजत होता. न्यूयॉर्क–लंडन दूरध्वनी आदल्याच वर्षी रेडिओवरून सुरू झाला होता. समुद्रतळावरच्या तारा मात्र तारायंत्राच्या संदेशांपुरत्याच होत्या. बोलण्यासाठी सुमारे ३,००० हर्ट्झ रुंदीची वाट लागे, आणि त्या तारा त्या मानाने फारच अरुंद होत्या.

३/ डडलीने मानवी उच्चाराची फोड केली. स्वरतंतू कंप पावून नाद निर्माण करतात. जीभ, ओठ आणि जबडा त्या नादाला आकार देतात. नाद वेगवान असतो, आकार मात्र सावकाश बदलतो. मग केवळ आकाराची नोंद पाठवली आणि पलीकडे यंत्रानेच नवा नाद निर्माण केला तर?

४/ त्यातून व्होकोडर घडला. आवाज दहा फिल्टरांतून जाई. प्रत्येक पट्ट्यात, म्हणजे बँडमध्ये, किती ऊर्जा आहे याचे मोजमाप होई. सोबत स्वराची उंची आणि ध्वनी घोष आहे की अघोष, एवढी माहिती जाई. तारेवरची जागा साधारण दहा पटींनी वाचे. पलीकडे ऐकू येई तो बोलणाऱ्याचा आवाज नव्हे. त्याच्या सांगाड्यावर यंत्राने चढवलेले नवे मांस.

५/ येथे एक सौदा झाला होता, तो ध्यानात ठेवावा. शब्द समजावेत एवढे राखले गेले. माणूस ओळखू यावा असे बरेच काही टाकून दिले गेले. श्वास, घशाचा खरखरीतपणा, 'स'मधली बारीक सळसळ हे सारे काटकसरीत गेले. व्होकोडरचा यंत्रमानवी सूर हा बिघाड नव्हे, त्या काटकसरीची ती किंमत होती.

६/ १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात या यंत्राचे भावंड 'व्होडर' लोकांपुढे आले. त्याला बोलणारा माणूस लागत नसे. प्रशिक्षित तरुणी बोटांनी दहा फिल्टर चालवीत, मनगटाखालच्या पट्टीने घोष-अघोष निवडीत आणि पायाने स्वराची उंची बदलीत. हे कौशल्य अंगी बाणायला सुमारे वर्षभराचा सराव लागे.

७/ मग युद्ध आले. अमेरिका व ब्रिटन यांच्यातील रेडिओ दूरध्वनीवर ए-३ नावाची गुप्ततेची पद्धत होती. जर्मनांनी ती भेदली आणि अतिउच्च पातळीवरची संभाषणे शत्रूच्या कानी पडू लागली. आता प्रश्न तारेच्या रुंदीचा उरला नाही, सैनिकांच्या जिवाचा झाला.

८/ उत्तर होते 'सिगसॅली'. व्होकोडरने आवाजाचा सांगाडा काढायचा, त्याचे अंक करायचे आणि त्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवरचा यादृच्छिक गोंगाट मिसळायचा. दोन्ही टोकांना तबकड्यांची हुबेहूब जोडी असे आणि वापरानंतर ती नष्ट केली जाई. एका केंद्राचे वजन सुमारे ५५ टन! लंडनचे केंद्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या जोडइमारतीच्या तळघरात होते.

९/ १९४३ च्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेच्या भेटीत अ‍ॅलन ट्युरिंगनेही या यंत्रणेचा अभ्यास केला. १५ जुलै १९४३ रोजी ती कार्यान्वित झाली. आवाज कृत्रिम होता, पण सेनापतींना गोडवा नको होता, गुप्तता हवी होती. हे गुपित १९७६ पर्यंत फुटले नाही.

१०/ संगीताकडे जाणारी वाट जर्मनीतून निघाली. १९४८ मध्ये डडलीने बॉन येथे ध्वनिशास्त्रज्ञ वेर्नर मायर-एप्लर यांची भेट घेतली. पुढे कोलोन रेडिओच्या इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओमागे ज्यांची प्रेरणा होती, त्यांपैकी मायर-एप्लर एक होत.

११/ १९७० च्या सुमारास वेंडी कार्लोस आणि रॉबर्ट मूग यांनी दहा पट्ट्यांचा सांगीतिक व्होकोडर उभारला. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) या चित्रपटात त्यातूनच बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतले समूहगान ऐकू आले. अभियंत्यांना खटकणारा कृत्रिमपणा संगीतकारांना अलंकार वाटला. १९७४ मध्ये क्राफ्टवेर्कच्या 'ऑटोबान'ने त्याला लोकप्रियतेच्या वाटेवर आणले.

१२/ यानंतर पट्टे वाढू लागले. ईएमएसच्या १९७६ च्या यंत्रात २२, सेनहायझरच्या यंत्रात २०. मात्र १९७९ च्या रोलँड व्हीपी-३३० मध्ये केवळ १० पट्टे असूनही त्याचा सूर आजही हवासा वाटतो, कारण त्याचा मूळ नाद दाट आणि तरंगता आहे. पट्ट्यांची संख्या हा एकमेव निकष नव्हे, याचा हा ऐतिहासिक पुरावा.

१३/ दरम्यान बेल प्रयोगशाळेतच दोन नव्या शाखा फुटल्या. १९६६ मध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 'फेज व्होकोडर' मांडला. आवाजाची उंची न बदलता लांबी ताणणे, वा लांबी तीच ठेवून उंची बदलणे, ही आजची नित्याची कामे त्याच्याच वंशातली. नाव एक असले, तरी यंत्रमानवी सुराशी त्याचा संबंध नाही.

१४/ दुसऱ्या शाखेचे एक प्रमुख शिल्पकार भारतीय होते. कानपूरला जन्मलेले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेले. लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग, म्हणजेच एलपीसी, या तंत्राच्या विकासात त्यांचा मोलाचा वाटा आहे. त्याच काळात जपानमध्ये इटाकुरा आणि साइतो हेही याच दिशेने काम करत होते. मोबाइलवरचे बोलणे याच परंपरेतून पुढे आले.

१५/ एक गफलतही टाळायला हवी. शेरच्या 'बिलीव्ह' (१९९८) या गीतातला प्रसिद्ध सूर व्होकोडरचा मानला गेला. निर्मात्यांनीही प्रारंभी व्होकोडर जातीच्या पेडलचे नाव पुढे केले होते. प्रत्यक्षात तो १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यूनचा टोकाचा वापर होता. ऑटो-ट्यून गायकाचाच नाद ठेवून सूर हलवतो. व्होकोडर नादच बदलतो.

१६/ म्हणून निवडीचा पहिला प्रश्न : गायकाची ओळख टिकवायची आहे की वाद्याकडून शब्द वदवायचे आहेत? ओळख टिकवायची असेल, तर फेज व्होकोडरच्या वंशातली साधने किंवा सूरसुधार पाहावा. मासानोरी मोरिसे यांचे 'वर्ल्ड' हे मुक्त सॉफ्टवेअरही आवाजाचे पृथक्करण व पुनर्बांधणी याच हेतूने करते. वाद्य बोलते करायचे असेल, तरच डडलीचा वंश निवडावा.

१७/ त्या वंशात नैसर्गिकता परत आणायची, तर डडलीने जे टाकले तेच परत मिळवावे लागते. त्यामुळे चार गोष्टी तपासाव्यात.

पट्टे : टाल-व्होकोडरमध्ये ११, आर्टुरियाच्या व्होकोडर व्हीमध्ये १६, एबलटन लाइव्हमध्ये ४० पर्यंत. फार अरुंद पट्टे मात्र संथ प्रतिसाद देतात आणि व्यंजने पुसट होतात.

अघोष ध्वनी : त्यांच्यासाठी वेगळे नियंत्रण हवे.

वाहक नाद : भरगच्च असावा, साधी साइन लहर निरुपयोगी, कारण वरच्या पट्ट्यांना गाळायला काही उरतच नाही.

अटॅक आणि रिलीज : शब्दांच्या गतीनुसार जुळवता यावेत.

१८/ मराठी गीतासाठी कसोटी अधिक कठीण आहे. शालेय व्याकरणातले घोष-अघोष येथे प्रत्यक्ष कामी येतात. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन भिन्न 'च', 'खार' आणि 'कार' यांतला श्वासाचा फरक, 'स' आणि 'श' यांतले अंतर, हे सारे मुख्यतः अघोष ध्वनींवर उभे आहे. 'स'ची बरीच ऊर्जा डडलीच्या ३,००० हर्ट्झच्या मर्यादेपलीकडे असते.

१९/ तेव्हा विकत घेण्यापूर्वी चाचणी आवृत्तीत हेच शब्द गाऊन पाहावेत आणि गीत ठाऊक नसलेल्या व्यक्तीला ऐकवावेत. तिला शब्द कळले नाहीत, तर आधी अघोष ध्वनींचे नियंत्रण वाढवावे किंवा मूळ आवाजातला वरचा भाग थोडा मिसळावा. तरीही 'चार' आणि 'चाक' सारखेच ऐकू आले, तर ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवावे, मग त्यात पट्टे कितीही असोत.

(धागा समाप्त)