रविवारची कोंबडी आणि बुधवारची रात्र

फ्रेंच स्वयंपाक म्हटला की उंच पांढऱ्या टोप्या घातलेले बल्लवाचार्य, काचेचे नाजूक पेले आणि उच्चार करता न येणारी पदार्थांची यादी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. हे चित्र खोटे नाही, पण ते हॉटेलातले आहे. फ्रान्समधील सामान्य घरात आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री जे शिजते ते पुष्कळच साधे असते. एक पसरट जाड भांडे, थोडे लोणी, कांदा, कोंबडीचे पाच-सहा तुकडे आणि पाऊण तासाचा अवधी एवढ्यावर ते भागते. पनवेलच्या एखाद्या घरालाही ते सहज जमण्यासारखे आहे. परंतु या साधेपणामागे मोठा इतिहास आहे. त्यात मठवासी आहेत, एक राजा आहे, रसायनशास्त्र आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या रानातला एक पक्षीही आहे.

प्रारंभ त्या पक्ष्यापासूनच करू. पिएर सोनेरा हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक १७४८ मध्ये लियों शहरात जन्मला. १७७४ ते १७८१ या काळात त्याने भारतात व पूर्वेकडील देशांत प्रवास केला आणि १७८२ मध्ये आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दक्षिणेच्या रानांतील करड्या कोंबड्याचे वर्णन आहे. आपल्याकडे ज्याला राखी रानकोंबडा म्हणतात तोच हा पक्षी. पुढे १८१३ मध्ये टेमिंक या डच शास्त्रज्ञाने त्याला ‘गॅलस सोनेराटी’ असे नाव देऊन सोनेराची स्मृती जपली. पाळीव कोंबडीचा पूर्वज हाच, असे सोनेराचे मत होते. डार्विनने १८६८ मध्ये ते अमान्य करून तो मान तांबड्या रानकोंबड्याला दिला आणि शतकाहून अधिक काळ तोच निर्णय अखेरचा मानला गेला. मात्र २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की पाळीव कोंबडीच्या कातडीला पिवळा रंग देणारे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नसून राखी रानकोंबड्याकडून आले असावे. सोनेरा पूर्णपणे बरोबर नव्हता, पण पूर्णपणे चूकही नव्हता.

याचा फ्रेंच ताटाशी निकटचा संबंध आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद प्रदेशातील मक्यावर वाढलेली पिवळ्या कातडीची कोंबडी तेथे विशेष मानाची समजली जाते. १९६५ मध्ये ‘लाबेल रूज’ म्हणजे तांबडी मोहोर ही सरकारी गुणवत्तेची खूण प्रथम मिळाली ती तिलाच. ज्या पिवळ्या रंगाकडे पाहून फ्रेंच गृहिणी बाजारात कोंबडी निवडते, त्याचा उगम भारताच्या रानात आहे. पनवेलच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगरांत ज्याची आरोळी पहाटे ऐकू येते, त्या पक्ष्याने फ्रान्सच्या स्वयंपाकघरात असा आपला वाटा ठेवला आहे.

कोंबडी युरोपात पोहोचली ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास. लॅटिन भाषेत ‘गॅलस’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, कोंबडा आणि गॉल देशाचा रहिवासी. या श्लेषातूनच कोंबडा पुढे फ्रान्सचे प्रतीक झाला. चारही शुभवर्तमानांत पेत्राच्या नाकारण्याच्या प्रसंगी आरवणारा कोंबडा येतो. फ्रान्समधील असंख्य चर्चच्या शिखरांवर धातूचा कोंबडा वाऱ्याबरोबर फिरत असतो, तो याच प्रसंगाची आणि जागृतीची आठवण म्हणून. शिखरावर पूज्य आणि पातेल्यात प्रिय, असे दुहेरी भाग्य दुसऱ्या कोणत्या पक्ष्याला लाभले असेल?

मठांनी मात्र त्याच्या दैवाला वेगळेच वळण दिले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य सांगितले आहे; अशक्त व आजारी व्यक्तींना तेवढी सवलत आहे. दोन पायांच्या पक्ष्याविषयी तेथे स्पष्ट शब्द नाहीत, आणि या मौनाचा अर्थ काय लावावा यावर मठांतून पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरातन हाडांतील जनुके तपासली गेली. कोंबडीला गर्दीत शांतपणे राहण्यास आणि लवकर अंडी घालण्यास साहाय्य करणारे जे जनुकरूप मानले जाते, ते युरोपात सुमारे हजार वर्षांपूर्वी झपाट्याने पसरू लागले, असे त्यात आढळले. उपवासाचे कडक नियम आणि वाढती शहरे यांच्यामुळे अंडी व कोंबडी यांची मागणी वाढली, याच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे. माणसाने आपल्या आत्मशुद्धीसाठी पाळलेले नियम एका मुक्या जिवाच्या रक्तात उतरले, हा विचार कोणालाही अंतर्मुख करील.

तरीही सामान्य शेतकऱ्याच्या ताटात कोंबडी क्वचितच पडे. जी अंडी घालते ती मारायची कशाला, हा हिशेब जगभर एकच होता. चौथा हेन्री १५८९ मध्ये गादीवर आला तेव्हा धर्मयुद्धांनी फ्रान्स होरपळून निघाला होता. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्याने कॅथलिक व प्रोटेस्टंट प्रजेत समझोता घडवून आणला. आपल्या राज्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडीत रविवारी कोंबडी असावी, अशी त्याची इच्छा होती असे सांगतात. ही आख्यायिका लिखित रूपात आली ती त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, चौदाव्या लुईचे शिक्षक पेरेफिक्स यांनी लिहिलेल्या चरित्रातून. ते शब्द राजाचेच आहेत असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण लोकांनी ते जपले, कारण शांततेचे मोजमाप त्यांना त्यात सापडले. त्या इच्छेतला वारही ध्यानात घ्यावा. तो रविवार आहे. राजाच्या स्वप्नातसुद्धा कोंबडी बुधवारी येत नाही.

त्या हंडीतला पदार्थ म्हणजे ‘पूल ओ पो’. अंडी घालून थकलेली जुनी कोंबडी गाजर, सलगम, कांदा व सुगंधी पाल्यासह मंद आचेवर दोन-तीन तास शिजवायची, आधी रस्सा प्यायचा आणि मग मांस खायचे. ‘कॉक ओ व्हँ’ हा दुसरा प्रसिद्ध पदार्थही त्याच गरजेतून आला; म्हाताऱ्या कोंबड्याचे चिवट मांस द्राक्षमद्यात मुरवून मऊ करायचे. आपली गावठी कोंबडी भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात तासन्‌तास रटरटते त्यामागेही हीच व्यवहारी बुद्धी आहे. पाहुणा आला, सण आला, घरात बाळंतीण असली, म्हणजे कोंबडी. आणि ती शिजेपर्यंत घरातील कोणीतरी स्त्री चुलीपाशी बसलेली.

आठवड्यातल्या रात्रीचा स्वयंपाक हा विषय म्हणूनच मुळात वेळेचा आणि श्रमाचा विषय आहे. १७४६ मध्ये मेनों या लेखकाने मध्यमवर्गीय घरातील स्वयंपाकिणीला उद्देशून पाकग्रंथ लिहिला. तोवरचे ग्रंथ सरदारांच्या बल्लवांसाठी असत. या पुस्तकाच्या नावातच स्त्री आली आणि शतकाहून अधिक काळ त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पण ती स्त्री पगारी मोलकरीण होती, तिचा दिवस मालकिणीचा होता. जिला स्वतः बाहेर काम करून घरी येऊन स्वयंपाक करायचा आहे, तिचा विचार करणारे पुस्तक यायला १९३० साल उजाडावे लागले. ते लिहिणारा स्वयंपाकी नव्हता. एदुआर द पोमियान हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील वैद्यकीय संशोधक होते आणि नभोवाणीवरून पाककलेवर बोलत. त्यांच्या पुस्तकाचे नावच मुळी दहा मिनिटांत स्वयंपाक. घरात पाऊल टाकताच, अंगावरचा कोट उतरवण्याआधी पाणी उकळत ठेवावे, ते कशाला लागेल हे नंतर ठरवावे, हा त्यांचा पहिला सल्ला.

ज्या संस्थेत पोमियान वाढले तिच्याशी मुंबई इलाख्याचेही नाते आहे. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये कोंबड्यांच्या पटकीवर प्रयोग करताना, दुर्बळ केलेले रोगजंतू टोचले तर रोगापासून संरक्षण मिळते हे ओळखले. कोंबडीवर सापडलेल्या त्या तत्त्वाचा वारसा घेऊन पाश्चर संस्थेतील हाफकिन भारतात आले आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या साथीत हवालदिल झालेल्या कोकणालाही या पक्ष्याचे ऋण असे अप्रत्यक्षपणे लागू आहे.

आता प्रत्यक्ष भांड्याकडे वळू. फ्रेंच घरातील रोजच्या कोंबडीचे मर्म एका कृतीत आहे. तुकडे कोरडे पुसून, मीठ लावून तापलेल्या तेल-लोण्यात एकमेकांना न चिकटता मांडावेत आणि कातडी बदामी होईपर्यंत हलवू नयेत. ओले तुकडे वा फार गर्दी असली तर पाणी सुटते आणि मांस भाजले न जाता वाफवले जाते. खरपूस रंग आणि वास कशाने येतो, याची मीमांसा लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केली. प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्या उष्णतेतील संयोगाचा तो परिणाम. तुकडे काढून त्याच भांड्यात कांदा-लसूण परतावा. मग अर्धी वाटी द्राक्षमद्य, व्हिनेगर किंवा नुसता रस्सा ओतून बुडाला धरलेले खरवडून घ्यावे. आपल्याकडे भांडे लागले की सुगरणीला कमीपणा वाटतो. येथे करपू न देता धरलेला तो थरच रश्शाचा प्राण. तुकडे परत घालून झाकण ठेवावे; अर्ध्या तासात हाडापाशी लाली उरत नाही. शेवटी लोण्याचा गोळा किंवा थोडी साय घालावी. अळंबी व टोमॅटो घातले की त्याच पदार्थाला शिकाऱ्याची कोंबडी म्हणतात, आणि व्हिनेगर वाढवले की लियोंची कोंबडी, म्हणजे सोनेराच्या गावची.

व्हिनेगर आणि लसूण यांत मुरलेले मांस वसईच्या वा गोव्याच्या ख्रिस्ती घरांना परके नाही. पोर्तुगिजांच्या मद्य-लसणातून आपला विंदालू घडला, तेव्हा लियोंची कोंबडी ही चुलत बहीणच, फक्त मिरचीशी तिची भेट झालेली नाही. पनवेलमध्ये आणखी एक धडा आहे. येथे बेने इस्रायल समाजाचे १८४९ मधील बेथ एल सिनेगॉग आहे आणि पनवेलकर हे त्या समाजातील आडनाव आहे. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. साय-लोण्याचा फ्रेंच रस्सा त्यांना वर्ज्य. पण कोकणात राहून त्यांनी मांसासाठी नारळाचे दूध जवळ केले. साय परवडत नसेल वा पचत नसेल अशा कोणालाही हा मार्ग मोकळा आहे.

वाराचा प्रश्नही मजेदार आहे. शेजारच्या हिंदू घरांत कुठे सोमवार, कुठे गुरुवार, कुठे शनिवार पाळला जातो. शुक्रवारी मांसवर्ज्य पाळणाऱ्या कॅथलिक घरात कोंबडीही मांसच, मासा तेवढा चालतो. सगळ्यांना सोयीचा म्हणून बहुधा बुधवार उरतो. १९९८ मध्ये उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली तेव्हापासून मुंबईतील टर्मिनसवरून सव्वा तासाहून अधिक प्रवास करून घरी परतणाऱ्यांची येथे कायमची वस्ती झाली. त्यांच्या बुधवारच्या रात्री पाऊण तासात कोंबडी शिजते, याचे श्रेय केवळ कृतीला नाही.

ते श्रेय, आणि दोषही, ब्रॉयलर कोंबडीकडे जातो. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुण्यातून विस्तारलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजसारख्या उद्योगांनी हा पक्षी महाराष्ट्रात घरोघर पोहोचवला. तो सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो, म्हणून कोवळा आणि म्हणून स्वस्त. तुलनेसाठी पाहावे, तर लाबेल रूजच्या कोंबडीला किमान ८१ दिवस जगू द्यावे लागते आणि १९५७ च्या कायद्याने संरक्षित झालेल्या ब्रेसच्या कोंबडीला त्याहूनही अधिक काळ. एकाच जातीचे हजारो पक्षी एका छपराखाली ठेवण्याचे भय २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरने दाखवून दिले. बर्ड फ्लूमुळे तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि अनेक कुक्कुटपालक एका आठवड्यात कंगाल झाले.

राजा हेन्रीची इच्छा आज त्याच्या कल्पनेपलीकडे पुरी झाली आहे. कोंबडी रविवारी आहे, बुधवारीही आहे. पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतेच. कधी तो पिंजऱ्यातला जीव असतो, कधी कर्जबाजारी शेतकरी, तर कधी लोकलमधून उतरून थेट ओट्यापाशी उभी राहणारी ती. यांतील तिसरी किंमत कमी करणे तरी आपल्या हाती आहे. ही फ्रेंच कोंबडी करायला वाटण लागत नाही, पिढीजात हातखंडा लागत नाही. तुकडे पुसणे, परतणे, झाकण ठेवणे एवढेच लागते. तेवढे घरातल्या पुरुषाला आणि मोठ्या मुलालाही येते. आणि महिन्यातून एखादा बुधवार कोंबडीविना गेला, त्याऐवजी एका रविवारी मिस्साहून परतल्यावर सावकाश वाढलेली गावठी कोंबडी सगळ्यांनी मिळून रांधली, तर खर्चाचे गणित फारसे बिघडत नाही. रविवारला मात्र त्याचा मान परत मिळतो.