कुत्रागाडीच्या नोंदवहीतला रिकामा रकाना

इतिहास राजांचा लिहितात, किल्ल्यांचा लिहितात. मी कुत्रागाडीचा लिहितो आहे. कारण माझा बाप त्या गाडीवर होता.

एका नगरपालिकेत. गाडीवर पाच माणसं, पाचही आमच्याच वस्तीतली. भरतीच्या अर्जात जात विचारली नव्हती. विचारावी लागलीच नाही.

कुत्र्याशी आपलं नातं जुळवून दिलं त्याला शतकं झाली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांना गावाबाहेर घालवलं आणि त्यांचं धन म्हणून कुत्री अन् गाढवं नेमून दिली. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला तो ग्रंथ जाळला. ग्रंथ जळाला. नेमणूक मात्र नगरपालिकेच्या हजेरीपटावर तशीच राहिली.

आता मुंबईकडे बघा. १८३२ साली गोऱ्या सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला. पोलिसांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. डोक्यामागे पैसा ठेवला की काय होतं? पाळलेली कुत्रीसुद्धा मारली गेली. जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर आला, दुकानं बंद झाली, दंगल झाली. इतिहासात ती कुत्र्यांची दंगल म्हणून नोंदली आहे. धडा सरळ होता : देखरेख नसेल आणि मोबदला नगावर असेल, तर खातं नग मोजतं, काम मोजत नाही. हा धडा कोणी गिरवला?

१९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्या कायद्याखाली २००१ साली नियम आले. कुत्र्यांना मारायचं नाही; धरायचं, नसबंदी करायची, लस टोचायची अन् जिथलं तिथं सोडायचं. खात्यावर नजर ठेवायला समिती. तिच्यात कोण? पालिकेचा प्रमुख, आरोग्य खात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर, प्राणिकल्याण संस्थांचे प्रतिनिधी. गाडीवरही संस्थेचा एक प्रतिनिधी पाहिजे. चिमटा, तार वापरायची नाही. २०२३ च्या नव्या नियमांनी केंद्रात कॅमेरेही लावायला सांगितले.

मी याच्या विरोधात नाही. कुत्र्याला किती दुखतं हे माझ्या बापाइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याच्या काळात विषाचे लाडू टाकायचे. रात्री घरी आला की तो जेवायचा नाही. म्हणायचा, ''मरताना ते टाकणाऱ्याकडंच बघतं रं. हुकूम काढनाऱ्या सायबाकडं न्हाई.'' आई दारातच पाण्याची बादली ठेवायची. गल्लीतल्या बायका सकाळी नळावर ओरडायच्या, 'कुत्रं हाय पिसाळलेलं, लवकर या'. दुपारी त्याच बायका त्याला पाणी वरून ओतायच्या.

१९७८ साली एक कुत्रं त्याच्या मनगटाला चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं. तितके दिवस कामावर नाही म्हणून तितक्या दिवसांचा पगार नाही. बाप साहेबापुढं उभा राहिला. साहेबानं नोंदवही उघडून दाखवली. धरलेली कुत्री, मारलेली कुत्री, पुरलेली कुत्री. ''यात तुझ्या चाव्याचा रकाना कुठंय?''

रकाना नव्हता. म्हणजे चावाही झाला नव्हता.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. खातं सुधारायचं म्हणून आजवर जे जे झालं ते एकदा नागरिकासाठी झालं, एकदा कुत्र्यासाठी झालं. दोन्ही व्हायलाच पाहिजे होतं. पण दोघांच्या मध्ये जाळी घेऊन उभा असलेला माणूस कोणाला दिसला नाही. २००१ च्या त्या समितीत त्याच्यासाठी खुर्ची नव्हती. त्याच्यावर नजर ठेवायला माणसं होती, त्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं.

पिसाळीची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही. म्हणूनच कुत्री हाताळणाऱ्यांना चावा बसण्याच्या आधीच लस द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१८ पासून दोन डोस पुरतात, असं ती म्हणते. फक्त दोन. आणि आजही पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराला पैसे मिळतात ते कुत्र्यामागे. आठ आण्यांची रक्कम बदलली, हिशेब तोच.

तेव्हा आपल्या गावच्या पालिकेत जा. समितीची बैठक कधी झाली ते विचारा. नोंदवही मागा. त्यात तीन गोष्टी बघा : गाडीवरच्या माणसाला लस दिल्याची तारीख, त्याला झालेले चावे, आणि चाव्याच्या दिवसांचा पगार. त्या समितीत गाडीवरचा एक माणूस बसवा. कुठलं कुत्रं कुठल्या गल्लीतलं, कुठलं आजारी, कुठली जाळी फाटकी, हे त्याच्याइतकं कमिशनरला कळणार नाही.

माझा बाप आता नाही. त्याच्या मनगटावरचा व्रण मात्र मला पाठ आहे. ती त्याची नोंद. वहीत नव्हती, म्हणून इथं करतो आहे.